८ नंबरचा फ्लाय सेट, शास्त्रीच्या खाडीत १४ महिने वापरून

कोकणात फ्लाय रॉड, म्हणजे पिसांची हलकी नकली मासळी फेकून मासे धरायची काठी, चालतो का, असं आत्तापर्यंत इतक्या जणांनी विचारलंय की शेवटी एकदाच सगळं लिहून टाकतो. सेट घेतला मार्चमध्ये, आता पुढच्या वर्षीचा मे संपत आलाय, म्हणजे दोन उन्हाळे, एक अख्खा पावसाळा आणि एक हिवाळा त्याने बघितलाय, त्यामुळे काय टिकतं काय नाही ते ठामपणे सांगू शकतो. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण ह्या किमतीत चार-पाच कंपन्यांचे सेट साधारण असेच येतात आणि मला जे सांगायचंय ते सगळ्यांनाच लागू पडतं.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वरचा. शास्त्री आणि सोनवी नद्यांचा संगम घरापासून चालत जायच्या अंतरावर, आणि तिथून खाली नदी फुणगूस, भातगावचा पूल असं करत जयगडला समुद्राला मिळते, ती सगळी खाडी लहानपणापासून पायाखालची आणि होडीखालची. आजोबांबरोबर गरवायला जायचो, बांबूची काठी, नायलॉनची दोरी, गरीला गांडूळ नाहीतर कोलंबी. पुढे नोकरीला लागल्यावर स्पिनिंग रॉड घेतला. फ्लाय मात्र चाळिशीत आली आणि खरं सांगतो, एवढ्या वर्षांत नदीकडे जेवढं नीट बघितलं नव्हतं तेवढं ह्या १४ महिन्यांत बघितलं.

सेटमध्ये काय मिळालं तर ९ फुटी, ८ नंबरचा, ४ तुकड्यांचा रॉड, अ‍ॅल्युमिनियमची रील, तिच्यावर बॅकिंग (लाइनच्या मागची जादा दोरी) आणि लाइन भरलेली, एक लीडर (लाइनच्या टोकाला लावायची बारीक दोरी), आणि कापडी आवरणाचं नळकांडं. सगळे मिळून १८,५०० रुपये पडले. ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आपल्या नेहमीच्या गरीला शिसं लावतो आणि त्या वजनाने दोरी लांब जाते, फ्लायला वजनच नसतं, पिसं आणि केस हुकाला बांधून केलेली ती नकली मासळी, फुंकर मारली तर उडेल अशी, मग लांब कशी जाणार, तर इथे दोरीच जाड आणि वजनदार असते आणि ती हवेत मागेपुढे उलगडत फेकायची. ८ नंबर म्हणजे त्या लाइनच्या पहिल्या ३० फुटांचं वजन साधारण साडेतेरा ग्रॅम. नंबर जसा वाढतो तशी लाइन जड.

आपल्याकडे ८ का? एक म्हणजे वारा. सकाळी मतलई वारा असतो तोवर खाडी काचेसारखी, पण दहा-अकरा वाजले की समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि हलकी लाइन तोंडावर परत येते. दुसरं म्हणजे तांबोशी. किलोभराची तांबोशी सुद्धा फ्लाय तोंडात घेतल्या घेतल्या सरळ तिवरांच्या मुळांत नाहीतर जांभ्या दगडाच्या कपारीत घुसते, तिला पहिल्या दोन सेकंदांत वळवलं नाही तर गेली. ५ नंबरने ते होत नाही, मित्राच्या रॉडने करून बघितलंय. वरच्या गोड्या पाण्यातल्या मळ्या आणि खवली ह्या लहान माशांसाठी मात्र हा रॉड फार जड आहे, तिथे ४ नाहीतर ५ नंबरच हवा.

रॉडला माझ्याकडून पैकीच्या पैकी नाही पण चांगले मार्क. जरा मऊ आहे, लांब फेकताना मधेच दम संपल्यासारखा वाटतो, पण आपल्याला खाडीत ४०-५० फुटांपलीकडे क्वचितच फेकावं लागतं कारण मासा काठालाच असतो, मुळांपाशी, बांधाच्या दगडांपाशी. ४ तुकडे असल्यामुळे एसटीत वरच्या कॅरियरवर आरामात मावतो, हा फायदा कमी समजू नका. कॉर्कची मूठ अजून घट्ट आहे. दोरी ओवायच्या कड्यांना मात्र पहिल्याच पावसाळ्यानंतर पायाशी गंजाचे तपकिरी ठिपके आले, आणि ती चूक माझी, दोन-तीनदा खाडीवरून उशिरा आलो आणि रॉड तसाच नळकांड्यात भरून ठेवला. खारं पाणी आणि बंद नळकांडं ह्यापेक्षा वाईट जोडी नाही. आता घरी आलो की आधी रॉड आणि रील गोड्या पाण्याखाली, मग ओटीवर उभं करून रात्रभर वाळवायचं, आणि मग माझी आंघोळ.

रील ठीकठाक. सहा महिन्यांनी ब्रेक अडकायला लागला, उघडून बघितलं तर आत मिठाची पांढरी पूड. धुऊन ग्रीस लावलं, परत चालू झाली. रीलचा सुटा स्क्रू मागवला तर ज्या दुकानातून सेट घेतला होता त्यांनी दोन वेळा चुकीचाच पाठवला आणि तिसऱ्यांदा फोनच घेतला नाही, शेवटी रत्नागिरीत घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने तो बनवून दिला, साठ रुपयांत. तुम्ही घेताना हे आधी विचारून घ्या, सुटे भाग मिळतात का.

आता लाइन. इथे मात्र माझी स्पष्ट तक्रार आहे आणि ही गोष्ट विकताना कुणी सांगत नाही. सेटबरोबर येते ती लाइन थंड पाण्यासाठी केलेली असते, ट्राउट वगैरेंसाठी. आपल्याकडे मार्चमध्ये सकाळी नऊलाच ती ऊन लागून मऊ पडायला लागली, एप्रिलमध्ये तर अक्षरशः शिजलेल्या शेवया, कड्यांना चिकटते, फेकली की पुढे सरकतच नाही. मी महिनाभर समजत होतो की माझाच हात बसत नाहीये, रोज संध्याकाळी खळ्यात उभा राहून सराव करायचो, खांदा धरला माझा. मग उष्ण कटिबंधासाठीची लाइन घेतली, तिचा गाभा आणि वरचं आवरण दोन्ही कडक असतात, साडेसहा हजार गेले, पण पहिल्याच फेकीत फरक कळला. म्हणून सांगतो, जमलं तर रॉड आणि रील लाइनशिवाय घ्या, किंमत कमी करून मागा आणि वाचलेले पैसे लाइनला लावा. रॉड स्वस्तातला चालेल, लाइन नाही.

लीडरचं पण तसंच, बरोबर आलेला बारीक निमुळता लीडर इथे निरुपयोगी. आपल्या खाडीत दगडावर, खुंट्यावर, पुलाच्या खांबावर सगळीकडे कालवं बसलेली, त्यांची धार ब्लेडसारखी, नुसती घासली तरी दोरी कापली जाते. मी शेवटचे दोन फूट ४० पौंडी फ्लुरोकार्बनची दोरी लावतो आणि दर मासा झाला की बोटाने चाचपून बघतो, खरखरीत लागलं की कापून नवीन. कारण दोरी तुटली की फ्लाय माशाच्या तोंडात राहते आणि मागचं शेपूट कुठल्यातरी मुळात अडकतं, मग तो मासा तिथेच बांधल्यासारखा राहून मरतो. हे मी एकदा सुकतीला, म्हणजे ओहोटीला, प्रत्यक्ष बघितलंय, एक तांबोशी, दोरी माझी नव्हती, पण ते दृश्य डोळ्यांपुढून जात नाही.

फ्लाय मी स्वतः बांधतो आणि ह्या सगळ्यातला हा भाग मला मनापासून आवडतो. विकत मिळतात त्यातली क्लाउझर नावाची, डोक्याला धातूचे दोन डोळे असलेली, ती आपल्याकडे हमखास चालते कारण ती खाली-वर उड्या मारत येते, थेट कोलंबी वाटते. पांढरा आणि हिरवट रंग, लांबी बोटाएवढी, कारण खाडीत जिताडा जे खातो ती बोयटाची पिल्लं आणि कोलंबी त्याच मापाची. डोळे शिशाचे घेऊ नका, पितळेचे किंवा टंगस्टनचे घ्या, तुटून राहिलं तर पाण्यात शिसं तरी जात नाही. इंग्लंडमध्ये १९८७ सालीच गळाच्या बारीक शिशावर बंदी आली कारण हंस ते गिळून मरत होते, आपल्याकडे कुणाला ही गोष्ट माहीत पण नसते. पिसांसाठी गावठी कोंबड्याची मानेची पिसं उत्तम, गावात कुणीही देतं. एक विनंती, राखी रानकोंबड्याच्या पिसांच्या नादाला लागू नका. त्याच्या मानेची ती ठिपक्यांची पिसं जुन्या विलायती फ्लायमध्ये फार वापरली जायची, अजूनही लोक विचारतात, पण तो आपल्या सह्याद्रीतला पक्षी आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, आणि पहाटे देवराईतून त्याचं आरवणं ऐकलंय ना, मग पुरे.

पाच हजाराच्या वरच्या ज्या ज्या वस्तू घेतल्या त्यापेक्षा ज्या दोन स्वस्त वस्तूंनी मला खरा आनंद दिला त्या म्हणजे साधा पक्कड आणि रबरी जाळीचं झेलणं. पक्कडीने हुकाचा काटा, म्हणजे टोकाच्या मागे जी उलटी कुसळ असते ती, दाबून सपाट करायची. लोक म्हणतात मासे सुटतील. माझे थोडे सुटले असतील, दोरी ताणून धरली तर फार नाही सुटत. पण हुक काढायला आता पाच सेकंद लागतात, मासा पाण्याबाहेर काढावाच लागत नाही, आणि एकदा वाऱ्याने फ्लाय माझ्याच कानाच्या पाळीत रुतली होती तेव्हा ती पण अलगद निघाली. नायलॉनच्या गाठीच्या जाळ्याने माशाचा बुळबुळीत थर खरवडून जातो आणि नंतर तिथे बुरशी धरते, रबरी जाळीत तो प्रकार होत नाही. माझं झेलणं १,४०० ला आलं. मासा हातात धरताना हात ओले, कल्ल्यात बोट घालायचं नाही, मोठा असेल तर पोटाखाली आधार, फोटो काढायचा तर तो पाण्यातच.

काठावर पागायला, म्हणजे फेकायच्या जाळ्याने मासे धरायला, येणारे एक काका आहेत, खारवी समाजातले, सत्तरीच्या आसपासचे, पाग असा फेकतात की पाण्यावर थाळीसारखा गोल पडतो. त्यांनी मला पहिल्यांदा जिताडा सोडताना बघितलं आणि पाग खाली ठेवून विचारलं, "अरे, धरलास तर सोडलास कशाला?" मी सांगितलं की काका, जिताडा लहानपणी नर असतो आणि वाढला की त्याची मादी होते, पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यात अंडी घालते, पिल्लं मग खाडीतून वर गोड्या पाण्यापर्यंत चढतात, म्हणजे आपण धूड म्हणून जो कापतो तो बहुतेक वेळा मादीच. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणून पूर्वी पुलाखाली पिल्लं दिसायची होय, आता दिसत नाहीत." त्यांना मासे सोडायला मी सांगत नाही, सांगणार पण नाही, त्यांचं घर त्या पागावर चालतं आणि माझं पगारावर. शिवाय मी मासेखाऊ माणूस, घरी बाजारातला बांगडा येतो, चिलापी मिळाली तर ती मात्र एकही परत सोडत नाही, ती बाहेरून आलेली, तिने आपल्या काळुंदराची जागा खाल्ली, तिचं तिखलं करायला मला काहीच वाटत नाही. पण आता काका स्वतःहून सांगतात, आज पाणी कुठल्या बाजूला गढूळ आहे, बोयटं कुठे उडतायत, आणि ह्या माहितीला कुठलंही मशीन तोड नाही.

कधी जायचं ह्याबद्दल. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी फार पळत नाही आणि जरा निवळ असतं तेव्हा फ्लाय माशाला दिसते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला चिखल उठतो, मी जात नाही. भरती सुरू झाल्यावरचा पहिला दीड-दोन तास आणि सुकतीची सुरुवात, व्हाळ, म्हणजे ओढा, जिथे खाडीला मिळतो तिथे. जूनच्या पहिल्या पावसापासून गणपतीपर्यंत नदी तांबड्या मातीचीच असते, तेव्हा हा रॉड खुंटीवर. दसऱ्यानंतर पाणी निवळतं आणि तिथून शिमग्यापर्यंत सगळ्यात चांगले दिवस.

पायात बूट घेतले ते फेल्टच्या तळव्याचे घेऊ नका, ओला फेल्ट दिवसचे दिवस वाळत नाही आणि एका नदीतली घाण, शेवाळ दुसऱ्या नदीत नेतो. रबरी तळव्याचे घ्या, कालवांनी पाय कापत नाहीत. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो, हे बूट आहेत म्हणून कुठल्याही नदीत कमरेपर्यंत उतरू नका. वाशिष्ठी, खेडची जगबुडी, महाडची सावित्री, ह्या तिन्ही नद्यांत मगरी आहेत, चिपळूणकरांना आणि महाडकरांना वेगळं सांगायला नको, बाहेरून येणाऱ्यांना मात्र पाटी दिसत नाही. तिथे काठावरून किंवा होडीतूनच. वाशिष्ठीत कोयनेच्या वीजघरांतून आलेलं पाणी उतरतं म्हणून ती भर उन्हाळ्यात पण वाहती असते आणि म्हणून तिथे मासेमारीचा मोह जास्त, पण पाणी कधी वाढेल त्याचाही नेम नाही.

बाकीच्या नद्यांचं उलट. आमच्या शास्त्रीचा वरचा भाग मार्च संपेपर्यंत तुटतो, एकेक कोंड, म्हणजे डोह, वेगळा होतो, आणि उन्हाळाभर सगळे मासे त्या कोंडात कोंडून राहतात. पहिल्या वर्षी मी एप्रिलमध्ये अशा एका कोंडावर गेलो, मित्राचा ५ नंबर घेऊन, आणि अर्ध्या तासात अकरा खवली. आनंद झाला. मग बघितलं की सोडलेल्यातल्या दोन उलट्या होऊन काठाला आल्यात. हुक नीट काढला होता, हात ओले होते, सगळं बरोबर केलं होतं. नंतर वाचून कळलं, २० अंशाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो आणि ३० अंशाला साडेसातच, म्हणजे आधीच धापा टाकणाऱ्याला आपण पळवून दमवायचं आणि वर सोडलं म्हणून समाधान मानायचं. त्या दिवसापासून होळी झाली की गोड्या पाण्यात मी रॉड टाकत नाही. कोंड तेव्हा माशांचा.

त्या कोंडांवर ब्लिचिंग पावडर टाकणारे पण आहेत, एका रात्रीत कोंड पांढराफटक, बोटाएवढ्या पिल्लापासून वामीपर्यंत सगळं वर. हा अन्न मिळवायचा प्रकार नाहीच, पुढच्या पाच वर्षांचं बियाणं भाजून खाणं आहे. १८९७ चा मासेमारी कायदा ब्रिटिशांच्या काळातला, त्यातसुद्धा पाण्यात विष कालवणं आणि सुरुंग लावणं हे गुन्हे ठरवले होते. गेल्या उन्हाळ्यात आमच्या वाडीतल्या पोरांनी आळीपाळीने रात्री कोंडावर फेरी मारायला सुरुवात केली, मी पण जातो, बॅटरी घेऊन दोघं-तिघं, नुसतं माणूस फिरतंय म्हटलं तरी येणारे येत नाहीत. ह्या वर्षी तो कोंड वाचला. एका पहाटे तिथे ऊद, म्हणजे पाणमांजरं, बघितले, तीन, पाण्यात शीळ घातल्यासारखा आवाज करत खेळत होते.

आणि काही ठिकाणं अशी की तिथे रॉड न्यायचाच नाही, बूट पण नाही. महाडजवळ काळ नदीवरचा वाळणकोंड, तिथले मासे वरदायिनी देवीचे, लोक कुरमुरे टाकतात आणि हातभर मासे वर येतात. वाड्याजवळ वैतरणेवर तिळसेश्वराच्या देवळापाशी पण तसंच. महाशीर बाकी ठिकाणी दिसेनासा झाला आणि तिथे राहिला तो आपल्या बायाबापड्यांच्या श्रद्धेमुळे, आणि मला ह्याचा फार अभिमान वाटतो. मी तिथे जातो ते हात जोडून काठावर बसायला, मासा पाण्यात कसा वळतो, कुठे थांबतो हे तिथे जेवढं कळतं तेवढं कुठल्या व्हिडिओत नाही कळत.

पिशवीत एक छोटा डबा ठेवा, कापलेली दोरी त्यात, नायलॉन कुजत नाही. मी तिवरांत अडकलेली जुन्या जाळ्यांची भेंडोळी पण ओढून काढतो, सुकतीला हाताला लागतील तेवढी. एका फेरीत दोन-तीन किलो सहज होतात. गेल्या डिसेंबरात एका भेंडोळ्यात जिवंत खेकडा होता, भलामोठा, चिमट्याने दोन बोटं सोलून काढलीन पण सुटला.

तर घ्यायचा का? खाडीजवळ राहत असाल, भरती-सुकती बघून पहाटे उठायची तयारी असेल, आणि पिशवी रिकामी घरी आणलेली चालत असेल तर जरूर घ्या, रॉड आणि रील १२,०००-१३,००० पर्यंत, लाइन वेगळी. महिन्यातून एकदा मुंबईहून येऊन मासे मोजून न्यायचे असतील तर साधा स्पिनिंग रॉडच बरा. माझ्या वहीत १४ महिन्यांत ९ जिताडे आहेत, सगळ्यात मोठा ६२ सेंटीमीटर, तो भातगाव पुलाच्या वरच्या अंगाला सुकती लागताना मिळाला, झेलण्यात दोन मिनिटं विसावला आणि शेपटीने माझं तोंड भिजवून गेला.

आत्ता रॉड पुसून, कड्यांना खोबरेल तेलाचं बोट फिरवून, तुकडे सुटे करून माळ्यावर ठेवलाय, नळकांड्याचं झाकण उघडं. वरून ढग यायला लागलेत. पहिला जोराचा पाऊस पडला की व्हाळातून चढणीचे मासे वर येतील, पोटात अंडी घेऊन, आणि लोक खोईन, म्हणजे मासे अडवायचा सापळा, लावायला जातील. काकांना मी विचारलंय की ह्या वर्षी आपल्या वाडीच्या व्हाळात निदान पहिले तीन दिवस कुणी काही लावायचं नाही असं ग्रामसभेत मांडूया का. ते म्हणाले, मी बोलतो, तू नुसता माझ्या शेजारी बस.